शाखा सतराचा हिरवा दिवा

…आणि वर मलाच म्हणतो कसा, "दिवा हिरवा आहे ना? मग काय काळजी!" अहो, काळजी काय म्हणजे? हिरवा आहे हीच तर काळजी आहे! चार वर्षं ज्या डब्याला कुणाचा हात लागला नाही, ज्याच्या खाली बसणारी माणसं कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही, त्याचा दिवा हिरवा का असावा, सांगा तुम्ही मला! नाही, सांगाच. पण पटकन सांगा, कारण मला सुट्टी एक ते दीड एवढीच, आणि आता एक वाजून चार मिनिटं झालीत, चार मिनिटं वहीत सही करण्यात गेली, बाहेर पडण्याची वही… कुठून बाहेर काय? माझ्याच घरातून! हसू नका. मीही आधी हसलोच होतो. तिथेच माती खाल्ली.

तर तुम्हाला सांगतो, अगदी पहिल्यापासून सांगतो. आमचं घर हे मुळात घर नाही. म्हणजे आता आहे, पण आधी ऑफिस होतं. खाली शिंपीकाकांचं दुकान, वर आम्ही. मालकाने मधली पार्टिशनं काढली, एका कोपऱ्यात ओटा बांधला, नळ आणला आणि म्हणाला, "घ्या, झालं घर!" असं होतं होय घर? ऑफिसपण काय अंगावरचा सदरा आहे, काढला आणि खुंटीला टांगला? स्वयंपाकघरातल्या बटणांवर अजून चिठ्ठी चिकटलेली आहे, 'अभिलेख कक्ष'. आई ओरडते, "अभिलेख कक्षाचा दिवा लाव रे, कांदा दिसत नाहीये!" आईबाबांच्या खोलीच्या दारावर 'शाखाधिकारी' अशी अक्षरं होती, ती मालकाने खरवडून काढली, तर अक्षरांखालचा दाराचा रंग ताजाच्या ताजा राहिलेला, म्हणजे आधी नुसतं लिहिलेलं होतं, आता चांगलं उठून दिसतं. आणि माझी जागा कुठली? बाहेरच्या दाराजवळ. तिथे भिंतीवर एक तेलकट काळा डाग आहे, कुणीतरी वर्षानुवर्षं स्टुलावर बसून डोकं टेकल्याचा. मी दोनदा चुना मारला. दोनदा वर आला. आणि माझं डोकं, तुम्हाला सांगतो, बरोब्बर त्याच डागावर टेकतं.

कसलं ऑफिस होतं म्हणून मालकाला विचारलं, तर म्हणाला, "काहीतरी तपासणीबिपासणीचं होतं बुवा. भाडं वेळेवर यायचं." शिंपीकाकांना विचारलं. काकांच्या तोंडात सहा टाचण्या, त्या सांभाळत म्हणाले, "सहा जणं होती. दहाच्या ठोक्याला जिना चढायची. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही."

म्हटलं, "आणि काका, उतरायची कधी?"

काकांनी एकेक करून सहाही टाचण्या उशीत खोचल्या. म्हणाले, "माझं तोंड मशीनकडे असतं बाळा."

आता यात हसण्यासारखं काय आहे?

बरं, हा डबा. पॅसेजमध्ये, माळ्याच्या खाली, भिंतीवर. पांढरा, वहीएवढा. आत भिंतीतून येणारी केसासारखी बारीक फायबरची तार, वर कागद चिकटवलेला, 'शाखा १७. काढू नये.' शेजारी एक जुना फोन, मुका. आणि डब्यावर हिरवा दिवा. आम्ही राहायला आलो तेव्हापासून पेटलेला. आई म्हणाली, "असू दे, पॅसेजमध्ये उजेड होतो."

मी म्हटलं ना, मीही त्याच्याकडे बघितलं नसतं. पण मला लागली नोकरी. तिसरी. पहिल्या दोन माझ्या विनोदबुद्धीने गेल्या. एका ठिकाणी मी साहेबांच्या खुर्चीला 'विकणे आहे' अशी पाटी लावली होती, तर एक गिऱ्हाईक आलं, आणि त्याने साहेबांसकट भाव विचारला. असो. ही तिसरी नोकरी घरून करायची, तीन महिने कच्ची, मग पक्की. अट एकच, घरात तारेचं पक्कं नेट पाहिजे, मोबाइलचं चालणार नाही, आणि सोमवारी अकरा वाजता पहिली मीटिंग, तिथे चेहरा दिसलाच पाहिजे. ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, बोट नाचवून बजावलं, "माकडा, ही गेली ना, तर याद राख. या घरात फुकट बसून खाऊ देणार नाही मी तुला." हे वाक्य लक्षात ठेवा हं. पुढे लागणार आहे.

शुक्रवारी फायबरवाला आला. पाठीला पिशवी, कानात पेन्सिल. नवी तार आणायची तर रस्ता खोदायला परवानगी, सहा आठवडे. माझं तोंड उतरलं. तेवढ्यात त्याची नजर डब्याकडे गेली आणि तो असा थांबला, असा थांबला, जणू लहानपणी हरवलेला भाऊ भेटला. "अहो साहेब, ही धंद्याची लाइन! घरगुती लाइनच्या दसपट! सोनं लटकतंय तुमच्या भिंतीला आणि तुम्ही रस्ता कसला खोदताय?" मग त्याने समजावलं, तार तीच ठेवायची, फक्त जुना डबा काढायचा, त्याचा नवा लावायचा, जुन्या कंपनीच्या नावावरची नोंद बदलून घ्यायची. नोंदीला चार दिवस. तोवर जुन्या डब्याला हात लावू नका.

चार दिवस! सोमवार तीन दिवसांवर! म्हटलं, "पण दिवा तर आत्ताच हिरवा आहे."

तो म्हणाला, "दिवा हिरवा आहे म्हणजे लाइन जिवंत आहे. काळजी नाही."

या 'जिवंत' शब्दाकडे मी तेव्हा दुर्लक्ष केलं.

तो जिना उतरला आणि मी लॅपटॉपची तार त्या डब्यात खुपसली. आता तुम्ही म्हणाल, कशाला? अहो, तुम्ही नसती खुपसली? लगेच पडद्यावर आलं, 'शाखा १७, पुन्हा स्वागत. आपण चार वर्षे कळवलेले नाही. कर्मचाऱ्यांची नावे व पदे भरा.' आणि खाली रिकामे रकाने. ते भरल्याशिवाय नेट मिळेना. आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसापुढे रिकामा रकाना ठेवणं म्हणजे माकडाच्या हातात कोलीत नाही का? मी भरले. बाबा: शाखाधिकारी. आई: दक्षता अधिकारी, कारण चपला कुठल्या दिशेला काढल्यात त्यावरून मी कुठे गेलो होतो ते ती सांगते. ताई: आवक-जावक. आणि मी, आपलं विनयाने, गंमत म्हणून… शिपाई.

खाली होतं, 'नेमणूक तात्पुरती की कायम?' म्हटलं, करायची तर गंमत चांगली करावी. कायम.

आणि नेट आलं! काय वेग! मी ताबडतोब नव्या नोकरीचे सगळे कागद पाठवून दिले. दिवा बघितला. हिरवा. म्हटलं, काय काळजी!

शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला तो मुका फोन वाजला.

आता इथे तुम्हाला माझे बाबा सांगितले पाहिजेत. बाबा एका कचेरीत हेडक्लार्क होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून खिडकीशी बसले ते बसलेच. बोलणं म्हणजे 'हं'. "जेवायला या." "हं." "पंखा लावू का?" "हं." एकदा मी म्हटलं, "बाबा, स्वयंपाकघराला आग लागलीय." "हं." आईने किती उपाय केले! फिरायला पाठवलं तर कोपऱ्यापर्यंत जाऊन परत, कारण पुढे जायचं काही कारण नाही म्हणाले. रात्री आई ताईला हळूच म्हणायची, "माणूस असा आतून विझत जातो का गं?"

तर फोन वाजला. मी उचलला. पलीकडून आवाज, अगदी शांत, सरळ, ना बाईचा ना पुरुषाचा, "मुख्यालयातून. शाखाधिकारी आहेत?" मी रिसीव्हर ठेवणार, एवढ्यात पाठीमागून हात आला. बाबा! त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, पाठ ताठ केली, दोन वर्षांत मी ती पाठ ताठ बघितली नव्हती, आणि म्हणाले, "शाखाधिकारीच बोलतोय. हो. हो. चार वर्षांचा अनुशेष आहे, कल्पना आहे. नाही, कारणं सांगणार नाही. काम करून दाखवू."

करून दाखवू! कसलं काम? कुणालाच माहीत नाही! पण संध्याकाळपर्यंत बाबांनी दाढी केली, बूट पुसले, पडद्यावरच्या यादीप्रमाणे आई-ताईला कामं वाटून दिली, आणि 'शाखाधिकारी' दाराआड टेबल ओढून बसले. जेवताना आईला म्हणाले, "आमटी झकास झालीय." आईचा घास हातातच राहिला.

रविवारी नेट बंद! पडद्यावर ओळ, 'साप्ताहिक सुट्टी.' माझी पाचावर धारण बसली. म्हटलं बास, उपटा हा डबा. डब्याचा प्लग काढला. दिवा हिरवा. दुसरी तार काढली. हिरवा! फायबरवाल्याला फोन केला, "अहो, वीज काढली तरी पेटलेलाच आहे!"

"आत बॅटरी असेल."

"चार वर्षं?"

"चांगल्या कंपनीची असेल. पण हिरवा आहे ना? मग काय काळजी!"

डबा भिंतीवरून ओढून बघितला, तर मागे आणखी एक कागद. 'बंद करण्यापूर्वी शाखाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी.' म्हटलं, चला, शाखाधिकारी तर आपलेच बाबा! गेलो. म्हटलं, "बाबा, त्या डब्याला परवानगी द्या, उद्या माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आज सुट्टी आहे. उद्या ऑफिसात भेट."

"अहो, पण ऑफिस इथेच आहे ना!"

"मग लांब कुठे जायचंय तुला?"

सोमवार. दहा वाजता अर्ज घेऊन दारात. बाबा म्हणाले, "परस्पर माझ्याकडे नको. आवक-जावकमधून येऊ दे." ताईकडे गेलो. ताई गालातल्या गालात हसत होती, तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षांचे सूड एका वहीत मावले होते तिच्या. "अर्जावर तारीख नाही. परत लिही." लिहिला. तिने आईकडे पाठवला. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "यात 'घरगुती अडचण' असं लिहिलंयस. कसली अडचण? शनिवारी चार ते साडेचार कुठे होतास?" अर्ज बाबांकडे पोचला तेव्हा अकराला पाच कमी. बाबांनी शांतपणे पूर्ण वाचला, मागे वळवून कोरी बाजूही वाचली, आणि लाल पेनने शेरा मारला, 'कामाच्या वेळेत चर्चा करू नये.'

अकरा वाजले! लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर 'हे काम शाखेच्या कामकाजात बसत नाही.' मी मोबाइल घेऊन दाराकडे धावलो, ताई आडवी, "वहीत सही. कारण लिही. खाडाखोड चालणार नाही." अकरा सातला शिंपीकाकांच्या दुकानात पोचलो, मागे एक गृहस्थ एकच बाही असलेला कोट घालून आरशासमोर उभे, मशीन खडखडतंय, आणि पडद्यावर नव्या नोकरीतल्या बाई. आवाज इतका मऊ, की भीतीच वाटावी.

"तुम्ही आधीच दुसरीकडे नोकरीला आहात असं दिसतंय."

"मी? छे हो!"

"शुक्रवारी पाठवलेल्या प्रत्येक कागदाखाली शिक्का आहे. शाखा सतरा, पाठवणार शिपाई."

"मॅडम, ती गंमत होती!"

त्यांनी कागद जवळ घेऊन बघितला. "गंमत कायम स्वरूपाची आहे, असं इथे लिहिलंय." आणि मग, अहो, काय दुष्टपणा नाही, अगदी मनापासून म्हणाल्या, "आमच्याकडे तुम्ही तीन महिने कच्चे होतात. तिकडे पक्के आहात. अभिनंदन."

पडदा काळा. एक बाहीचे गृहस्थ आरशातून मला म्हणाले, "पेढे?"

वर आलो. बाबांना सांगितलं, नोकरी गेली. बाबा म्हणाले, "कुठे गेली? ये, चहा सांगायचाय. दहा कप."

दहा? आम्ही चौघं! म्हटलं, "बाबा, दहा कुणाला?" त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. हजेरीचं पान. 'शाखेत उपस्थित: दहा.' चार आमची नावं. आणि वर, जुन्या तारखेची, सहा. आत येण्याची वेळ, दहा. बाहेर पडण्याची वेळ… रिकामी. सहाही जणांची. चार वर्षं झाली, कुणी बाहेर पडल्याची नोंदच नाही.

म्हटलं, "बाबा, ही माणसं इथे नाहीत."

"कागदावर आहेत ना?"

"कागदावर आहेत…"

"मग आहेत. आणि हजर माणसाला चहा न देणारी शाखा मी चालवणार नाही."

बरं, बाबांनी जागाही लावून दिल्या! तीन कप अभिलेख कक्षात ओट्याच्या कडेला, दोन खिडकीत, आणि एक… माझ्या जागी, त्या डागाखाली. "तो तुझ्या आधीचा," बाबा म्हणाले. "ज्येष्ठ आहे. मान ठेव."

आता तुम्ही विचाराल, मग उपटत का नाहीस तो डबा? अहो, तेच तर! आज सकाळी फायबरवाला आला ना नवा डबा घेऊन! नोंद बदलून झाली होती. हातात कटर. जुन्या डब्याच्या तारेला चिमटा लावला आणि म्हणाला, "घरातल्या कुणीतरी एकाने हो म्हणा. एक टिचकी, खेळ खलास." परवानगीबिरवानगी त्याला नको होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं मला. आणि तेवढ्यात 'शाखाधिकारी' दाराआडून आवाज आला. हसण्याचा. मला आधी कळेचना कोण हसतंय. बाबा! फोनवर मुख्यालयाला काहीतरी किस्सा सांगत होते, आणि हसत होते, खळाळून, खुर्ची वाजेपर्यंत. आई ओट्याशी उभी, हाताला कणीक, तिने कटरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दक्षता अधिकारी म्हणून नाही हो. आई म्हणून. एवढंच म्हणाली, "दोन वर्षांनी ऐकतेय रे मी हे."

आता काय म्हणणार, सांगा! उद्या तो दिवा विझला की खिडकीशी परत 'हं' बसणार. मी म्हटलं, "राहू द्या." त्याने खांदे उडवले, कटर पिशवीत टाकला, जिन्यात वळून म्हणाला, "दिवा हिरवा आहे ना? मग काय काळजी!" पहिलं वाक्य तेच होतं ना माझं? आलो बघा फिरून तिथेच. त्या घरात सगळं फिरून तिथेच येतं. ताईचंसुद्धा. फुकट बसून खाऊ देणार नाही म्हणाली होती. देत नाही.

एक सव्वीस. निघतो. दीडला दार लागतं, मग उशिराची नोंद होते, आणि उशीर झाला तर आत घेत नाहीत याची मला भीती नाही हो… आत घेतात, आणि मग त्या सहा जणांसारखी बाहेर पडल्याची नोंद राहून जाते, त्याची आहे.

अकराच्या चहाचे कप अजून तसेच पडलेत. चार आमचे. आणि ते सहा, जिथे ठेवतो तिथेच असतात, बशीत थेंब नाही, कानाला बोट लागलेलं नाही, आणि रिकामे. सहाच्या सहा. डागाखालच्या कपात तळाला साखर उरलेली असते, म्हणजे ढवळत नाही तो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग त्याला साखर कमी घाल." मी आज कमी घातली. कप बघितला. तळ स्वच्छ.

कोण पितं? कधी पितं? सोमवारी मी विचारत होतो. आता नाही विचारत. शिपायाने विचारायचं नसतं. विसळायचं असतं.